टोपीवाल्यांच्या शिकवणीला

माझ्या वर्गात उंबरमाळीची एक मुलगी आहे. परवा सहामाहीचे पेपर वाटत होते तर तिने मध्येच उठून विचारलं, "म्याडम, तुमी इंग्लिश कुठं शिकलात?" मी म्हटलं, "आधी स्वतःचा पेपर बघ, स्पेलिंगची काय वाट लावलीयस ती बघ," आणि वेळ मारून नेली. खरं उत्तर दिलं असतं तर मुख्याध्यापकांनी दुपारच्या आत केबिनमध्ये बोलावलं असतं. कारण माझी इंग्रजी खुनी, दरोडेखोर, दारुडे पोलीस आणि त्या सगळ्यांना बोटावर नाचवणाऱ्या बायका यांच्याकडून आलेली आहे. हे मी लाजत सांगत नाही बरं का. चांगली मान वर करून सांगते.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर स्कूटर शहापूरच्या घराकडे न वळवता सरळ माहेरच्या वाटेला लावली. किन्हवली मागे पडली आणि दोन्ही बाजूंना भात दिसायला लागलं. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, कापून आडवं पडलेलं; उशिरा पिकणारं गरवं अजून उभं, पिवळं, मान टाकलेलं. कापलेल्या भाताचा वास उन्हात तापला की नाकात नुसता शिरत नाही, घशात उतरतो. सरळगावच्या नाक्यावर चहाला थांबले तर शेजारच्या बाकावरच्या बाया झोडणीला माणसं मिळत नाहीत म्हणून कुरकुरत होत्या. मला मात्र भलतंच आठवायला लागलं. ऑक्टोबर, भात आणि इंग्रजी हे तिन्ही माझ्या अंगात एकाच जागी राहतात. आताच्या पोरांची फेरपरीक्षा पावसाळ्यातच उरकते, त्यांना हे कळायचं नाही. आमच्या वेळी नापास झालेल्यांची परीक्षा ऑक्टोबरात असायची, नेमकी कापणीच्या तोंडावर.

मी बारावीला नापास झाले होते. एकाच विषयात, इंग्रजीत. बाकी विषयांत बरी होते, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की घसा असा बंद व्हायचा की जणू कुणी बाहेरून कडी लावली. आमचं गाव वैशाखऱ्याच्या रस्त्यापासून थोडं आत. आमच्या वस्तीतली बारावीपर्यंत गेलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे नापासही अख्ख्या वस्तीच्या वतीने झाले.

घरात शब्द चालायचा नानांचा. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. आजोबा लवकर गेले, नानांनीच आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लहानाचं मोठं केलेलं. वाईट माणूस नव्हे हो. पण निकाल लागला त्या संध्याकाळी ओटीवर येऊन म्हणाले, "बास झालं आता. टोकावड्याकडचं स्थळ हाय, चांगली मानसं हायेत. पोरीचं वय काय थांबून राह्यतंय?"

आप्पा कधी नानांसमोर बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "ऑक्टोबरला एकदा बसू द्या तिला."

नानांनी बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाले, "बसू दे. निघाली तर मी एक शब्द बोलनार नाय. नाय निघाली तर तू बोलनार नायस."

"ठरलं," आप्पा म्हणाले. झालं! माझं पुढचं सगळं आयुष्य त्या 'ठरलं'वर जाऊन बसलं.

आप्पा सातवी शिकलेले, पोल्ट्रीत कामाला. शिक्षणाबद्दल त्यांना जे वाटायचं ते नुसतं प्रेम नव्हतं, ती त्यांची अस्मिताच होती. आपल्या माणसांना अक्षर कशाने मिळालं हे विहारात दर रविवारी ऐकत मोठा झालेला माणूस तो. मुलगी इंग्रजीत अडली हे त्यांच्या जिव्हारी लागलं. शिकवणी लावायची तर मुरबाडला राहायला हवं, ते शक्य नव्हतं. मग पोल्ट्रीच्या मालकाच्या मुलाने त्यांना सांगितलं, "काका, इंग्लिश पिक्चर दाखवा तिला. कानावर पडली पाहिजे भाषा." आप्पांनी ते डॉक्टरने औषध लिहून द्यावं तसं मनावर घेतलं.

मुरबाडच्या बाजारात तेव्हा एक माणूस निळ्या ताडपत्रीवर सीड्यांचा ढीग ओतून बसायचा. कल्याणकडची सीडी भाड्याने देणारी दुकानं एकामागून एक बंद पडत होती, त्यांचा उरलासुरला माल इथे यायचा. नव्या हिंदी पिक्चरवर झुंबड. इंग्रजी ढिगाकडे काळं कुत्रं फिरकत नव्हतं. आप्पांनी विचारलं, "इंग्रजी कंचं हाय यात?" तो म्हणाला, "हे सगळंच. घ्या पिशवीभर, कुणी घेत नाय." आप्पांनी खरंच पिशवीभर घेतलं. निवडायचं कशावरून? त्यांनी एकच कसोटी लावली, जितका जुना पिक्चर तितकी इंग्रजी शुद्ध. काळेपांढरे दिसले की पिशवीत टाकले.

घरी आल्यावर आईने पिशवी उलटी केली आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. निम्म्या सीड्यांवर टोपी आणि लांब कोट घातलेले पुरुष, हातात पिस्तूल, तोंडात सिगारेट. उरलेल्या निम्म्यांवर केस सोडून किंचाळणाऱ्या बायका, अंगावर जेमतेम कपडे, मागे कुठे भला थोरला कोळी, कुठे चाकू, कुठे मोटारसायकलवरची टोळी. "ह्ये तुमी पोरीला अभ्यासाला आनलंत?" आई म्हणाली. आप्पांचे कान लाल झाले. पण परत द्यायला जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणाले, "चित्र बघायचं नाय. भाषा ऐकायची."

प्लेअर होता विहार समितीचा. जयंतीच्या कार्यक्रमाला लागतो म्हणून घेतलेला, आणि आप्पा समितीचे चिटणीस म्हणून आमच्याच कपाटात ठेवलेला. त्या प्लेअरवर पहिला टोपीवाला सुरू झाला ती दुपार मला आजही जशीच्या तशी दिसते. आप्पांनी घराची दोन्ही दारं सताड उघडी टाकली. आई म्हणाली, "दार तरी लावा, लोक काय म्हनतील!" आप्पा म्हणाले, "दार लावलं तर म्हनतील. उघडं असल्यावर काय म्हनतील? शिकतोय आपन."

उघड्या दाराचा व्हायचा तो परिणाम झाला. कापणीवरून जेवायच्या सुट्टीत परतणारी माणसं डोकावली, मग टेकली, मग पेजेच्या वाडग्यांसकट बसली. चार दिवसांत दुपारची लाइट असेल त्या वेळेला आमची ओटी भरायला लागली. कुणाला अक्षर कळत नव्हतं. पडद्यावर खोलीत अंधार, खिडकीच्या फटींमधून उजेडाच्या पट्ट्या भिंतीवर पडलेल्या, माणसाचा अर्धा चेहरा गुडुप. सगळेजण गंभीरपणे बघत राहिले. शेवटी शेजारची सखूकाकी म्हणाली, "तिकडं पन लोडशेडिंग हाय वाटतं गो." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! त्या वेळी आमच्याकडे दिवसाकाठी इतके तास लाइट जायची की अंधारात जगणारी माणसं आम्हाला लगेच आपली वाटली.

पुढे नोकरी लागल्यावर ठाण्याच्या एका फिल्म क्लबात मी तसाच एक पिक्चर पाहिला. नंतर चर्चा झाली, छायाप्रकाशावर छान बोलले लोक. मी ऐकत बसले आणि मला सखूकाकी आठवून असं हसू फुटलं की ओढणीचा बोळा तोंडात कोंबावा लागला. पण खरं सांगू? या पिक्चरमधली माणसं अंधाराला सरावलेली आहेत, हे आमच्या ओटीला पहिल्याच दुपारी कळलं होतं. मला त्या ओटीचा अभिमान वाटतो, आणि तो मी कुणासाठी कमी करणार नाही.

अभ्यास असा चालायचा. रिमोट आप्पांच्या हातात. खाली इंग्रजीत वाक्य उमटलं की आप्पा पिक्चर थांबवायचे. "वाच." मी वाचायची. "अर्थ?" मी डिक्शनरी काढून सांगायची. "आता त्याच्यासारखं बोल." इथे माझी बोंब. ओटीवर पंधरावीस माणसं, तोंडात पेजेचा घोट धरून माझ्याकडे बघतायत. पहिल्यांदा तोंडातून वाराही निघेना. सखूकाकी म्हणाली, "आगो बोल की, आमाला कुठं कळतंय चुकलीस का!" ते मात्र खरं होतं. चूक काढणारं कुणीच नाही म्हटल्यावर घसा जरा सैल झाला. मी टोपीवाल्यासारखा आवाज खाली नेऊन बोलले. ओटीने टाळ्या वाजवल्या. आप्पांनी 'पुढं' म्हणून बटण दाबलं.

आणि तेव्हा मला एक गोष्ट उमगली, जी अजून कुठल्या पुस्तकात मला सापडलेली नाही. ही टोपीवाली माणसं आमच्यासारखी बोलतात! पाठ्यपुस्तकातली इंग्रजी म्हणजे लांबलचक, इस्त्री केलेली. यांची वाक्यं आखूड. विचारलेल्याचं सरळ उत्तर द्यायचं नाही, तिरकं द्यायचं. आमच्या खळ्यावर दुसरं काय चालतं? "आला नाय तो?" "येल." "कधी?" "आल्यावर." संपलं बोलणं. मुरबाडच्या कॉलेजात माझ्या या 'नाय' आणि 'आमी'ला मुली हसायच्या, म्हणून मी तिथे गप्प राहायला शिकले होते. आणि इथे हा साता समुद्रापलीकडचा देखणा पुरुष सिगारेट पेटवत अगदी आमच्या खळ्यावरच्या नामाकाकासारखा तुटक बोलत होता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवसापासून मी इंग्रजी पाठ करायचं सोडलं. खळ्यावर बोलतात तशी बोलायला लागले.

आता त्या किंचाळणाऱ्या पिक्चरांचं सांगते. त्यातल्या एकाने तर कहर केला. सुरुवातीलाच पांढरा कोट घातलेला, चष्मेवाला एक गृहस्थ टेबलामागे बसून आईबापांना उद्देशून बोलायला लागला. तुमची मुलं कुठे जातात, काय ओढतात, लक्ष ठेवा, वगैरे. मी अर्थ सांगितला आणि आप्पांचा ऊर भरून आला. त्यांनी पिक्चर थांबवला. स्वतः वस्तीत फिरून आले. "प्रबोधनाचा पिक्चर हाय, व्यसनमुक्तीचा. सगळ्यांनी या." विहार समितीची झाडून सगळी मंडळी आली. नानाही आले, पुढच्या खुर्चीवर बसले. डॉक्टरसाहेबांचं भाषण संपलं आणि मग जे सुरू झालं ते विचारूच नका. पोरं-पोरी धूर सोडतायत, पियानो बेभान वाजतोय, एक बाई सोफ्यावर उभी राहून हसतेय, दुसरीचा पदर, म्हणजे तिकडे जे काय असतं ते, ठिकाणावर नाही. आईने तोंडावर पदर घेतला आणि पदराच्या आडून बघत राहिली. नानांनी खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड केलं.

"ह्ये प्रबोधन?" नाना भिंतीला म्हणाले.

आप्पांच्या कपाळावर घाम होता. पण मागे हटतील तर आप्पा कसले! म्हणाले, "वाईट कसं असतं ते दावल्याबिगर चांगलं कसं कळनार, नाना?"

पुढे कधीतरी मी वाचलं की हे पिक्चर काढणारे लोक नेमकी हीच सबब सांगत. उपदेशाचं पांघरूण घालायचं आणि आत हवं ते दाखवायचं. त्यांनी ते तिकिटं खपवायला केलं. आप्पांनी तीच सबब भर सभेत, मनापासून, पोरीच्या इंग्रजीसाठी सांगितली. नाना उठून गेले, जाताना म्हणाले, "समितीचा प्लेअर हाय हा, ध्यान ठेव. आन आपला शब्दबी ध्यानात ठेव." तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की मी पुन्हा आपटले तर फक्त माझं शिक्षण थांबणार नाही. माझा बाप परत कधी भावासमोर तोंड उघडू शकणार नाही.

आईला डॉक्टर आणि धूर या कशाशीच देणंघेणं नव्हतं. तिला त्या टोपीवाल्यांच्या बायकांची काळजी. देखणी, हुशार, सगळ्यांना पुरून उरणारी बाई, आणि शेवटी तिला गोळी लागायची नाहीतर पोलीस न्यायचे. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा आई चिडून उठलीच. "दर टायमाला बायच कशी मरते ह्यांच्यात? तिला काय पायजे हुतं ते कोनी इच्यारलं तरी का?" दुसऱ्या दिवशी भारे बांधताना ती बायांना तोच पिक्चर सांगत होती. मी मागून ऐकलं. आईच्या पिक्चरमध्ये ती बाई मरत नव्हती. पैशांची पिशवी उचलून रस्त्यावर येत होती, हात करून एसटी थांबवत होती आणि कल्याणला निघून जात होती. बाया खूश. विळे भराभर चालले होते. मी काही आईची चूक काढली नाही. आजही मला तोच शेवट खरा वाटतो.

तोंडी परीक्षा मुरबाडला झाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि माझ्या केसांत भाताची कुसं अडकलेली, कारण सकाळी भारे वाहून आले होते. परीक्षक सर थकलेले, पंख्याखाली पेंगुळलेले. समोर एक चित्र ठेवून बोलायला सांगत होते. एसटीच्या थांब्यावर छत्री घेऊन उभी असलेली एक बाई. माझ्या आधीच्या मुलाने सांगितलं, ही बाई आहे, तिच्या हातात छत्री आहे, छत्री काळी आहे. झालं.

मी चित्राकडे बघितलं. घसा बंद होणार असं वाटलं, तेवढ्यात डोळ्यांसमोर आमची ओटी आली, पेजेचे वाडगे आले. मी आवाज खाली नेला आणि सुरू केलं. ती थांबलीय, म्हटलं. गाडी तीन वेळा येऊन गेली. ती चढली नाही. ती कुणाची तरी वाट बघतेय. तो येणार नाही. तिला ते माहीत आहे. इंग्रजीत, एकेक आखूड वाक्य, नामाकाका बोलावा तसं. सरांनी पेन खाली ठेवलं. "मग?" म्हणाले, मराठीत! मी म्हटलं, मग ती पुढची गाडी पकडून निघून जाते. सर हसले. इंग्रजीतून विचारलं, कुणी शिकवलं?

"माय फादर, सर," मी म्हटलं. ज्या माणसाला एबीसीडीसुद्धा धड येत नव्हती त्याचं नाव मी घेतलं, आणि त्यात तिळभर खोटं नव्हतं.

लेखी पेपर बरा गेला की वाईट, काही कळत नव्हतं. झोडणी झाली, पेंढ्याच्या उडव्या लागल्या, थंडी पडली तरी निकालाचा पत्ता नाही. लागला त्या सकाळी आप्पा आणि मी मुरबाडला नेटच्या दुकानात गेलो. तिथे काय दिसलं ते आम्ही येताना टमटममध्ये एकमेकांशी बोललोसुद्धा नाही. आप्पा नुसते बाहेर बघत होते आणि मधूनच नाक ओढत होते.

घरी पोचलो तर ओटीवर पाहुणे. टोकावड्याचे. वैशाखऱ्याला एका साखरपुड्याला आले होते, जाता जाता मुलगी बघून जातो म्हणाले आणि नानांनी हो म्हटलं. मुलाचे वडील रिटायर एसटी ड्रायव्हर, गुबगुबीत, हसऱ्या तोंडाचे. आईने मागल्या दाराने मला आत ओढलं, घाईघाईने केस नीट केले. चहाचा ट्रे तयार होता. बाहेरून नानांनी हाक दिली, "आली का पोरगी? पाठवा चा घेऊन."

मी ट्रे उचलला. आप्पांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

माझ्या बापाने जन्मात कधी स्वतःचा कप मोरीत नेऊन ठेवला नव्हता. तो माणूस ट्रे घेऊन ओटीवर गेला. कप किणकिण वाजत होते. आम्ही दोघी दाराआडून बघत होतो. आप्पा एकेका पाहुण्यासमोर वाकले, कप दिला, आणि मुलगी उभी राहते तसे खाली मान घालून भिंतीपाशी उभे राहिले. नाना आप्पांकडे बघत होते. आधी कपाळाला आठ्या, मग निकाल काय लागला ते कळलं तशा आठ्या गेल्या, आणि मग त्यांनी हळूच डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

ते ड्रायव्हर गृहस्थ मात्र भले माणूस. त्यांना सगळा प्रकार उमगला असावा. चहाचा घोट घेऊन आप्पांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मुलगी बघायला आल्यासारखा प्रश्न टाकला, "शिक्षान किती झालं?"

"सातवी," आप्पा मान वर न करता म्हणाले.

"स्वयपाक येतो का?"

"नाय."

"शिवनकाम?"

"नाय येत."

"आरे बापरे! मंग येतं तरी काय?"

आप्पांनी तोंड उघडलं, पण त्यांना बोलवेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. भरल्या ओटीवर माझा बाप रडत होता.

तेव्हा नाना बोलले. छाती पुढे काढून, वस्तीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"इंग्लिश येतं, पाहुनं. आमच्या घरात इंग्लिश येतं."